नऊशेच्या मूर्तीला सूट आणि बारा हजारांच्या मूर्तीला नाही: फ्रेमवर्कच्या आधी भाषा का शिकायची?



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, की वेबसाइट बनवून देण्याचा धंदा करायचा असेल तर थेट रिअ‍ॅक्ट किंवा लॅराव्हेलवर उडी मारू नका, आधी भाषा शिका. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं. कारण सांगायला वेळ लागतो आणि कॅमेऱ्यासमोर थोडी लाजही वाटते. म्हणून इथे लिहितोय. ही माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

मी बीबीए केलंय, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. निडी स्टेशनपासून जवळ माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान. लॉकडाऊनमध्ये धंदा अर्ध्यावर आला, तेव्हा ठरवलं की वेबसाइट बनवायला शिकायचं. एक ऑनलाइन कोर्स घेतला, ‘४५ दिवसांत रिअ‍ॅक्ट’ असा काहीतरी. शिकवणारा चांगला होता, त्याला दोष देणार नाही. तो लिहायचा तसं मी लिहायचो आणि स्क्रीनवर सुंदर दिसायचं. पंचेचाळीस दिवसांत मला वाटायला लागलं, आपण डेव्हलपर झालो.

पहिलं मोठं काम मिळालं हमरापूरच्या बाजूला. आपल्या पेण तालुक्यात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको; हमरापूर, जोहे या पट्ट्यात तर घरोघरी मूर्ती घडतात. ओळखीचे एक काका आहेत, मोठा कारखाना आहे त्यांचा. घाऊक व्यापाऱ्यांचा हिशेब ते वहीतच ठेवतात. सुट्या बुकिंगसाठी मात्र त्यांना काहीतरी हवं होतं: गिऱ्हाईक आलं, मूर्ती पसंत केली, नाव, उंची, किंमत, अ‍ॅडव्हान्स टाकला की पावती बाहेर. आणि एक नियम. पाच हजार किंवा त्यावरच्या मूर्तीला दहा टक्के सूट. ही पाच हजारांची मर्यादा काकांना स्वतः बदलता यायला हवी होती, म्हणून मी सेटिंगचं वेगळं पान दिलं. तिथे आकडा टाइप करायचा, सेव्ह करायचं.

देण्याआधी मी तपासलं. ६००० टाकले, सूट मिळाली. ४००० टाकले, नाही मिळाली. बरोबर ५००० टाकले, मिळाली. झालं. २०२२ चा सीझन होता, चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. जूनमध्ये सिस्टीम चालू केली.

जुलैच्या शेवटी काकांचा फोन. आवाज चढलेला. डोंबिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काउंटरवर उभे होते. त्यांची मूर्ती बारा हजारांची, पावतीवर सूट शून्य. त्यांच्या पुढे जो घरगुती गणपतीवाला होता, त्याची मूर्ती नऊशेची, आणि त्याच्या पावतीवर नव्वद रुपये कमी! सेक्रेटरींनी ते बघितलं आणि तिथेच आवाज काढला. काका मला म्हणाले, “अरे, मी यांना काय तोंड दाखवू?”

पुढचे तीन दिवस मी दुकान बंद केल्यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचो. माझी खात्री होती की गडबड रिअ‍ॅक्टमध्ये आहे. मला वाटलं, स्टेट उशिरा अपडेट होतेय, जुन्याच किमतीवर हिशेब होतोय. म्हणून कोड इकडचा तिकडे हलवला. रिअ‍ॅक्टची आवृत्ती बदलून बघितली, त्यात जे चालत होतं तेही बंद पडलं. मजा म्हणजे ५००० ते ९९९९ मधल्या मूर्तींना सगळं बरोबर चालत होतं. त्यामुळे मी टेस्ट करायचो तेव्हा पुन्हा सगळं ठीकच दिसायचं.

शेवटी एका मित्राला बोलावलं. लोणेऱ्याच्या विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेला, आता नोकरी करतो. त्याला रिअ‍ॅक्ट येत नाही, त्याने ते कधी वापरलेलंच नाही. त्याने सगळा कोड वाचलाही नाही. फक्त विचारलं, “किंमत आणि मर्यादा, दोन्ही फॉर्ममधून येतात ना? मग ते आकडे आहेत की अक्षरं?”

मला प्रश्नच कळला नाही.

आकडा आणि अक्षर

आता जरा नीट बघूया, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

वेबपेजवरच्या चौकोनात तुम्ही ९०० टाइप करता तेव्हा ब्राउझर तो जावास्क्रिप्टला आकडा म्हणून देत नाही. तो मजकूर म्हणून देतो: नऊ, शून्य, शून्य अशी तीन चिन्हं एकापुढे एक. याला स्ट्रिंग म्हणतात. तो चौकोन खास आकड्यांसाठीचा ठेवला, तरी त्यातून वाचलेली किंमत स्ट्रिंगच असते. बऱ्याच जणांना हे दोन वर्षं काम करूनही माहीत नसतं.

दोन स्ट्रिंगची तुलना जावास्क्रिप्ट कशी करते? शब्दकोशासारखी. शब्दकोशात ‘कारखानदार’ आधी येतो आणि ‘खण’ नंतर. शब्द किती लांब आहे हे कोणी बघत नाही, पहिलं अक्षर बघतात. तसंच इथे. ‘९००’ आणि ‘५०००’ समोरासमोर आले की पहिलं चिन्ह बघायचं: ९ मोठा की ५? ९ मोठा. म्हणजे ९०० ची मूर्ती ५००० पेक्षा ‘मोठी’, द्या सूट. ‘१२०००’ आणि ‘५०००’ मध्ये १ लहान, म्हणजे बारा हजार ‘लहान’, सूट नाही. आणि मी तपासलेले ६०००, ४०००, ५००० हे सगळे चारच आकड्यांचे, त्यामुळे शब्दकोशाच्या पद्धतीनेही उत्तर बरोबरच येत होतं.

यात आणखी एक खाच आहे. दोनपैकी एक जरी खरा आकडा असता, तर जावास्क्रिप्टने दुसऱ्याला गुपचूप आकड्यात बदललं असतं आणि चूक झालीच नसती. मी ती मर्यादा कोडमध्ये थेट ५००० अशी लिहिली असती तर सगळं सुरळीत चाललं असतं. काकांना सोय म्हणून सेटिंगचं पान दिलं आणि तिथेच घसरलो.

दुरुस्ती? तुलना करायच्या आधी दोन्हींना आकड्यात बदलायचं. दोन ठिकाणी एकेक शब्द. मित्राने चहा संपायच्या आत केलं.

नुकसान किती झालं ते पण सांगतो, कारण आपण धंद्याबद्दल बोलतोय. सहाशे ते हजारच्या मधल्या ३८ मूर्तींना नको ती सूट गेली होती, एकूण २,८९० रुपये. ते मी भरले. सहा मोठ्या मूर्तींना सूट दिली नव्हती, ती काकांनी फोन करकरून परत केली. डोंबिवलीच्या सोसायटीने मूर्ती घेतली, पण पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कारखान्यात गेले. याची किंमत मी कुठल्या रकान्यात लिहू?

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते काकांचं एक वाक्य. “तुझंच काम ना हे? मग तुला कसं कळेना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम माझं होतं, पण ते कशावर उभं आहे ते मला माहीत नव्हतं.

भाषा म्हणजे काय, फ्रेमवर्क म्हणजे काय

जावास्क्रिप्ट, पीएचपी, पायथन या भाषा. रिअ‍ॅक्ट, लॅराव्हेल, जॅंगो ही त्या भाषांमध्येच लिहिलेली तयार चौकट. रोज लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे पानं दाखवणं, लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, या कोणीतरी आधीच बांधून ठेवल्या आहेत. आपण आपल्या कामापुरतं त्यात भरायचं. (रिअ‍ॅक्ट बनवणारे स्वतः त्याला फ्रेमवर्क नाही, लायब्ररी म्हणतात. पण बाजारात सगळे फ्रेमवर्कच म्हणतात, आपणही तेच म्हणू.)

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. रबराचा साचा असेल तर मूर्ती कोणीही काढू शकतं, आठ दिवसांत शिकतो माणूस. पण साच्यातून निघालेल्या मूर्तीचं बोट तुटलं तर ते हाताने घडवायला, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करायला, ज्याच्या बोटांत कला आहे तोच लागतो. साचा वाईट नाही. साच्याशिवाय एवढ्या मूर्ती वेळेत होणारच नाहीत. पण कारखान्यातल्या सगळ्यांना फक्त साचाच येत असेल तर बोट कोण लावणार?

फ्रेमवर्क वाईट असतं असं मी अजिबात म्हणत नाही. जॅंगो तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात तयार झालं. बातमीच्या डेडलाइनमध्ये वेबसाइट उभी करायची म्हणून तिथल्या प्रोग्रामरनी ते स्वतःसाठी बनवलं, आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. ज्यांना पायथन हातची येत होती, त्यांनी वेळ वाचवायला ते बांधलं. तेच आपण भाषा न येता उचलतो तेव्हा वेळ वाचत नाही, पुढे ढकलला जातो. आणि तो जुलैच्या शेवटी, ऐन सीझनला, व्याजासकट परत मागितला जातो.

साचे बदलतात

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत लिहिली, पहिला नमुना दहा दिवसांत. घाईत झालेल्या भाषेत विचित्र गोष्टी राहणारच, आणि त्या आजही आहेत. पण भाषा टिकली. तिच्यावरचे साचे मात्र बघा. २००६ ला जेक्वेरी आलं, मग सगळे जेक्वेरी शिकले. २०१० ला गूगलचं अँग्युलर-जेएस. २०१३ ला फेसबुकचं रिअ‍ॅक्ट, २०१४ ला व्ह्यू. अँग्युलरची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये आली ती इतकी वेगळी, की जुनं येणाऱ्यांना जवळजवळ नव्याने शिकावं लागलं. जुन्या अँग्युलर-जेएसचा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला बंदच झाला. रिअ‍ॅक्टमध्येही २०१९ ला हूक्स आले आणि लिहायची पद्धत बदलली.

या सगळ्या काळात ‘९००’ ही स्ट्रिंग ‘५०००’ या स्ट्रिंगपेक्षा मोठीच होती. तो नियम बदललेला नाही. भाषेवर घातलेले तीन महिने म्हणून वाया जात नाहीत.

एक जुना किस्सा सांगतो. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने स्वतःची काही छोटी पॅकेजेस इंटरनेटवरून काढून घेतली. त्यातलं एक होतं ‘लेफ्ट-पॅड’, अकरा ओळींचं. काम एवढंच, की मजकुराच्या डावीकडे जागा किंवा शून्यं भरायची. म्हणजे आपण पावती नंबर ४५ ला ०००४५ लिहितो ना, तसं. त्या अकरा ओळी गायब झाल्यावर जगभरातल्या मोठमोठ्या प्रोजेक्टची बांधणी अडली, कारण त्यांच्या खालच्या खालच्या थरात कुठेतरी ते वापरलेलं होतं. काही तासांत ते परत आणलं गेलं. ज्याला लूप लिहिता येतो त्याला हे काम पाच मिनिटांचं आहे. अर्थात पॅकेज वापरू नका असं नाही. ते खाली काय करतं ते माहीत असू द्या.

दुकानदाराला चावणाऱ्या आणखी काही गोष्टी

बेरीज. दोन चौकोनांतून १० आणि ५ वाचले आणि मध्ये अधिकचं चिन्ह लावलं, तर जावास्क्रिप्ट १०५ देते, कारण ती दोन मजकूर जोडते. वजाबाकी केली तर मात्र ५ येतं, कारण मजकुराची वजाबाकी होत नाही म्हणून ती आकड्यात बदलते. पीएचपीमध्ये हीच बेरीज १५ येते, आणि ९०० व ५००० ची तुलनाही बरोबर येते. पायथनमध्ये मजकूर आणि आकडा एकत्र मिळवायला गेलात तर ती सरळ थांबते आणि चूक दाखवते. मला हा स्वभाव आवडतो, तोंडावर सांगणारा. सांगायचं हे, की प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा, आणि तो फ्रेमवर्कच्या कोर्समध्ये कोणी शिकवत नाही.

पैसे. ०.१ मध्ये ०.२ मिळवा, उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर आकडे दोनच्या पटीत साठवतो, आणि आपला एक दशांश त्यात पूर्ण बसत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात पूर्ण बसत नाही. एका बिलात हे दिसत नाही. जीएसटी लावून महिन्याची बेरीज केली की कधीतरी एक पैसा इकडे-तिकडे होतो आणि तुम्ही रात्रभर शोधत बसता. उपाय सोपा आहे, हिशेब पैशांत ठेवा, रुपयांत फक्त दाखवा. रेझरपेसारखे पेमेंट गेटवेही रक्कम पैशांतच मागतात. ५०० रुपये घ्यायचे तर ५०००० पाठवायचे. कारण माहीत नसलेले लोक तिथे ५०० पाठवतात आणि गिऱ्हाइकाकडून पाच रुपये घेतात!

तारीख. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे ०, ऑगस्ट म्हणजे ७. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तुम्ही डिलिव्हरीची तारीख बनवताना सवयीने महिना ८ लिहिला, तर पावतीवर २७ सप्टेंबर येतो. अनंत चतुर्दशी होऊन तीन आठवडे झालेले असतात तेव्हा.

मग शिकायचं काय आणि कसं

आधी एक स्पष्ट करतो. तुम्हाला फक्त स्वतःच्या दुकानाची वेबसाइट हवी असेल तर यातलं काहीच शिकू नका. वर्डप्रेस घ्या, नाहीतर गूगलवर दुकानाची नोंद करा, आणि धंद्याकडे लक्ष द्या. दुसऱ्याचं काम पैसे घेऊन करणार असाल, त्यांच्यासाठी हे सगळं आहे.

एकच भाषा निवडा. व्हेरिएबल आणि त्यांचे प्रकार, जर-तर, लूप, फंक्शन, यादी आणि ऑब्जेक्ट. त्यानंतर चूक आली तर लाल अक्षरातला मेसेज पूर्ण वाचणं. हे कोणी विषय म्हणून धरत नाही, पण निम्मं काम तेच आहे. जावास्क्रिप्ट घेतली असेल तर ब्राउझरमधलं पान थेट बदलणं आणि सर्व्हरकडून माहिती मागवणं, ती येईपर्यंत काय होतं ते समजणं. दुकान सांभाळून रोज दीड तास दिला तर मला तीन महिने लागले. तुम्हाला दोन लागतील, चार लागतील.

शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी, जावा, पीएचपी, पायथन यांचे धडे आहेत, मराठी आवाजातलेही आहेत. थोडे जुन्या पद्धतीचे वाटतील, पण पाया तोच. पुस्तक वाचायची सवय असेल तर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आहेच. इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या, माझा तो मित्रही. सी ही भाषा १९७२ ची, तुम्हाला वेबसाइटसाठी ती थेट लागणार नाही. पण आकडा आणि अक्षर यातला फरक तिने त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता.

आणि एक गोष्ट बनवा, कुठलंही फ्रेमवर्क न घेता: उधारीची वही. नाव, रक्कम, तारीख, जमा, बाकी. नावाने शोधता यावं, बाकीच्या क्रमाने लावता यावं. क्रम लावायला गेलात की पहिल्याच दिवशी १, १०, ९ असा उलटा क्रम दिसेल, कारण जावास्क्रिप्ट क्रमही आपण वेगळं सांगेपर्यंत शब्दकोशासारखाच लावते. तो स्वतः दुरुस्त केलात की कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकाल. मग रिअ‍ॅक्ट उघडा. मी दुसऱ्यांदा शिकलो तेव्हा ज्याला ४५ दिवस लागले होते ते बारा दिवसांत झालं, आणि या वेळी समजलं.

काही जण म्हणतात, आता एआय कोड लिहून देतो, मग हे कशाला? देतो ना, मीही वापरतो. पण तो कोड काकांच्या काउंटरवर चालणार आहे आणि फोन तुम्हाला येणार आहे. वाचता येत नसेल तर तुम्ही पुन्हा माझ्यासारखे रात्री दोन वाजता बसाल.

तुम्ही स्वतः कोड लिहिणार नसाल, कोणाकडून करून घेणार असाल, तरी त्या मुलाला एवढं विचारा: “फॉर्ममधून आलेल्या दोन रकमांची तुलना कशी करशील?” तो काय थांबतो, काय विचारतो, ते बघा. पोर्टफोलिओ नंतर बघा.

काकांचं काम अजून माझ्याकडेच आहे. त्यांनी सोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण. यंदा सुटीची मर्यादा वाढवून ७,५०० करायची होती. मी निडीहून गाडी पकडून हमरापूरला गेलो, सेटिंगमध्ये आकडा बदलला आणि म्हटलं, झालं काका. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “थांब. आधी नऊशे टाकून दाखव.”